डायलिसिसवर असलेले वडील वारंवार पडतात : कारण कसे शोधावे आणि काय काळजी घ्यावी?

प्रश्न : कृष्णाकाठ

नमस्कार. माझे वडील ७२ वर्षांचे असून त्यांना जुना मधुमेह आहे. मूत्रपिंडे निकामी झाल्यामुळे सोमवार, बुधवार आणि शुक्रवार असे आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येकी चार तास, त्यांचे हिमोडायलिसिस होते. फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी, डाव्या हातात आहे आणि कोरडे वजन, म्हणजे ड्राय वेट (जादा पाणी काढून टाकल्यावरचे वजन), ५८ किलो ठरवलेले आहे. दोन पाळ्यांच्या मध्ये वजन साधारण तीन किलो वाढते. शनिवार-रविवारच्या खंडानंतर सोमवारी ते चार किलोपर्यंतही जाते.

गेल्या काही महिन्यांत ते तीनदा पडले. पहिल्या वेळी डायलिसिसहून परतल्यावर रिक्षातून उतरून इमारतीच्या पायऱ्या चढताना त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. दुसऱ्या वेळी ते रात्री शौचालयाकडे जाताना पडले आणि कशामुळे पडले, हे त्यांना नीट सांगता आले नाही. तिसऱ्या वेळी सोमवारी सकाळी, दवाखान्यात निघण्यापूर्वी, खुर्चीतून उठताना पायांतले बळच गेल्यासारखे होऊन ते खाली बसले. सुदैवाने हाड मोडले नाही. नातेवाईक आणि शेजारी यांचे म्हणणे असे की हा अशक्तपणा आहे, वय झाले आहे, आता त्यांना एकट्याने चालू देऊ नका. आई ६६ वर्षांची आहे आणि तिला त्यांचा भार पेलत नाही.

या पडण्याचा डायलिसिसशी संबंध असतो का? डॉक्टरांना नेमके काय विचारावे? त्यांचे चालणे-फिरणे बंद करणे योग्य ठरेल का? अनुभवी आणि जाणकार मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : डायलिसिस कक्षातील परिचारिका

संबंध निश्चितच असतो, आणि म्हणूनच तिन्ही प्रसंग युनिटमधील सिस्टरना व मूत्रपिंडतज्ज्ञांना तारखेनिशी सांगा. घरी पडलेला रुग्ण आमच्याकडे आल्यावर ‘काही त्रास नाही’ एवढेच सांगतो, आणि मग त्या दिवशीही पूर्वीइतकेच पाणी काढले जाते.

डायलिसिसमध्ये पाणी थेट रक्तातून काढले जाते. शरीराच्या इतर भागांत साठलेले पाणी हळूहळू रक्तात येऊन ती जागा भरून काढते. काढण्याचा वेग भरून येण्याच्या वेगापेक्षा जास्त झाला की रक्तदाब घसरतो. हा वेग तासाला दर किलो वजनामागे १३ मिलिलिटरच्या आत ठेवावा, असा संकेत आहे. वडिलांच्या ५८ किलो वजनाला तो तासाला साधारण ७५० मिलिलिटर, म्हणजे चार तासांत तीन लिटर एवढा होतो. सोमवारी चार किलो वाढ असेल, तर तेवढे पाणी चार तासांत काढणे या मर्यादेच्या बाहेर जाते. अशा वेळी डायलिसिसचा वेळ वाढवता येईल का किंवा एखादी जादा पाळी देता येईल का, हे डॉक्टरांना अवश्य विचारा. घरी मीठ कमी करा. केवळ पाणी मोजून देऊन भागत नाही, कारण लोणचे, पापड, फरसाण आणि बेकरीचे पदार्थ सुरू असतील तर तहान आवरणे माणसाच्या हाती राहत नाही.

दुसरी गोष्ट कोरड्या वजनाची आहे. हे वजन एकदा ठरले म्हणजे कायमचे ठरले, असे नसते. मध्यंतरी भूक सुधारून रुग्णाच्या अंगावर खरे मांस चढले असेल आणि वजनाचा आकडा मात्र जुनाच ठेवला असेल, तर दर वेळी गरजेपेक्षा जास्त पाणी निघते; मग पोटऱ्यांत गोळे येतात, आवाज बसतो आणि घरी जाईपर्यंत चक्कर येत राहते. याउलट रुग्ण बारीक झाला असेल, तर जुन्या आकड्यामुळे पाणी अंगातच राहते. हे वजन शेवटचे कधी तपासले, एवढा एक प्रश्न तुम्ही विचारलात तरी बरेच काम होईल.

डायलिसिस संपल्यावर वडिलांनी लगेच उठू नये. पाय खाली सोडून पाच-दहा मिनिटे बसावे आणि त्यानंतर उभे राहिल्यावरचा रक्तदाब मोजून घ्यावा. आम्ही बहुतेक वेळा झोपलेल्या किंवा बसलेल्या स्थितीतील आकडा लिहितो आणि तो चांगला दिसतो. पण उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल, तर तो रुग्ण पायऱ्यांपर्यंत पोहोचून पडणार, हे आधीच कळते. वजनकाट्यावर चढतानाही कोणीतरी शेजारी असावे. ज्यांचा रक्तदाब वारंवार पडतो त्यांच्यासाठी यंत्रातील द्रावणाचे तापमान थोडे कमी ठेवण्याचा उपाय अनेक ठिकाणी वापरला जातो, तोही डॉक्टरांच्या कानावर घाला. डायलिसिस सुरू असताना भरपेट जेवल्यास पोटाकडे रक्त वळते आणि दाब आणखी उतरतो, त्यामुळे अशा रुग्णांनी डबा आधी किंवा नंतर खाल्लेला बरा.

आधार देताना फिस्टुला असलेला डावा हात ओढू नका. घाईत माणूस हाताला येईल तो दंड धरतो आणि फिस्टुलावर ताण येतो. उजव्या बाजूला उभे राहून कमरेला आधार द्या.

उत्तर २ : मूत्रपिंडविकार विभागातील एक डॉक्टर

वरील उत्तर योग्य आहे. त्यात एवढीच भर घालतो की तुमच्या वडिलांचे तीन प्रसंग हे मला तीन वेगळे प्रश्न वाटतात, आणि सर्वांना ‘अशक्तपणा’ हे एकच नाव दिल्यामुळे त्यांची कारणे झाकली गेली आहेत. येथे लिहून निदान करता येत नाही; मात्र तपास कोणत्या दिशेने करावा, हे सांगता येते.

पायऱ्यांवरची अंधारी बहुधा रक्तदाबाची आहे. पुष्कळ वर्षांच्या मधुमेहात रक्तवाहिन्यांना आकुंचनाचा आदेश देणाऱ्या नसाही दुर्बल होतात, त्यामुळे पाणी काढल्यानंतर उभे राहताना शरीराने जी सावरासावर करायची ती होत नाही. डायलिसिसच्या दिवशी सकाळी रक्तदाबाच्या कोणत्या गोळ्या घ्यायच्या आणि कोणत्या रात्रीवर ढकलायच्या, हे लिहून घ्या. प्राझोसिनसारखी औषधे उभे राहिल्यावर दाब विशेष उतरवतात. मात्र कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

रात्री पडण्याची कारणे अनेक असू शकतात, म्हणून घरातील सर्व औषधांच्या पट्ट्या एका पिशवीत भरून तपासणीला न्या. मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी दिलेल्या आणि इतर कोणीही दिलेल्यासुद्धा. पायांची जळजळ, खाज किंवा पायांची रात्रीची अस्वस्थता यांसाठी दिली जाणारी गॅबापेन्टिन व प्रीगॅबालिन ही औषधे मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतात. मूत्रपिंडे बंद असताना ती अंगात साठतात आणि झापड, तोल जाणे, बोलण्यात गोंधळ असे त्रास होतात. डायलिसिसच्या रुग्णाला त्यांची मात्रा फार कमी लागते. झोपेच्या गोळ्यांचेही तसेच आहे. इन्सुलिन सुरू असल्यास लक्षात घ्या की मूत्रपिंडे निकामी झाल्यावर ते शरीरात जास्त वेळ टिकते, त्यामुळे जुनी मात्रा आता जड पडत असेल. डायलिसिसच्या दिवशी रात्री झोपण्यापूर्वी आणि पडल्यास त्याच क्षणी साखर मोजा. याखेरीज तळपायांना जमिनीचा स्पर्श कळतो का, डोळ्यांच्या पडद्याची व मोतीबिंदूची तपासणी कधी झाली आणि हिमोग्लोबिन किती आहे, हेही पाहावे.

तिसरा प्रसंग मला सर्वांत गंभीर वाटतो. दोन दिवसांच्या खंडानंतर पायांतले बळ अचानक गेले, तर रक्तातील पोटॅशियम धोकादायक पातळीवर गेले असण्याची शक्यता आधी धरावी लागते. त्याने हृदयाची लय बिघडून जीव जाऊ शकतो. पुन्हा असे झाल्यास ‘आज डायलिसिस आहेच, पाळीच्या वेळेपर्यंत थांबू’ असा विचार न करता लगेच रुग्णालयात न्या आणि ईसीजी व पोटॅशियम तपासायला सांगा. एक गोष्ट कळकळीने विचारतो : अशक्तपणा म्हणून कोणी त्यांना शहाळ्याचे पाणी, मोसंबीचा रस किंवा केळी देत आहे का? आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळे घेऊन येतो, आणि त्यातल्या पोटॅशियममुळे डायलिसिसच्या रुग्णाला तेच घातक ठरते. ‘कमी सोडियमचे मीठ’ म्हणून मिळणाऱ्या मिठातही पोटॅशियम असते. ते घरात ठेवू नका.

पडणे ही या रुग्णांत नेहमी आढळणारी गोष्ट आहे. टोरांटो येथे ६५ वर्षे व त्यापुढील हिमोडायलिसिस रुग्णांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात जवळपास निम्मे रुग्ण पडल्याचे आणि दर माणशी वर्षाला सरासरी १.६ वेळा पडल्याचे आढळले. त्यातच या रुग्णांची हाडे कॅल्शियम, फॉस्फरस आणि पॅराथायरॉइड संप्रेरकाच्या बिघाडामुळे आतून बदललेली असतात. अमेरिकेतील आकडेवारीत त्यांच्यातील खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या सुमारे चौपट दिसले. हाडे बळकट करण्याचे इंजेक्शन कोणी सुचवले, तर ते मूत्रपिंडतज्ज्ञांना विचारल्याशिवाय घेऊ नये. अशाच डेनोसुमॅब या इंजेक्शनाने डायलिसिसच्या रुग्णांत कॅल्शियम जीवघेण्या पातळीपर्यंत उतरू शकते, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने जानेवारी २०२४ मध्ये दिला आहे.

उत्तर ३ : बऱ्याच वर्षांपासून डायलिसिसवर असलेला एक रुग्ण

डॉक्टरांनी औषधांचे सांगितले, मी रुग्णाच्या बाजूने लिहितो. वडिलांना एकट्याने चालू देऊ नका, हा सल्ला प्रेमापोटी दिला जातो, परंतु त्याचा परिणाम असा होतो की रुग्ण पडल्याचे सांगणेच बंद करतो. पडलो असे कळले तर बाजारात जाणे बंद होईल, पारावर बसणे बंद होईल, हे त्याला माहीत असते. म्हणून त्यांना चौकशीच्या सुरात विचारू नका. आज कुठे तोल गेला का, कुठे भिंत धरावी लागली का, असे सहज विचारा. प्रत्यक्ष पडण्याआधी तोल जाण्याचे प्रसंग पुष्कळ वेळा येऊन गेलेले असतात.

डायलिसिसनंतरच्या पहिल्या काही तासांत काय काय टाळावे, हे घरात ठरवून ठेवा. आमच्याकडे दवाखान्यातून आले की आधी गरम पाण्याने अंघोळ, ही रीत असते. गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैल पडतात, दाब आणखी उतरतो, आणि मोरीतली फरशी ओली व साबणाने निसरडी झालेली असते. तेव्हा अंघोळ सकाळी निघण्यापूर्वी करावी आणि परत आल्यावर हातपाय पुसून, थोडे खाऊन पडून राहावे. रिक्षा शक्यतो पायऱ्यांच्या अगदी जवळ आणायला सांगावी. उतरल्यावर लगेच पायऱ्या चढू नयेत. इमारतीच्या दारात एक खुर्ची कायमची ठेवता आली, तर फार उपयोग होतो.

रात्रीसाठी पलंगाशेजारी लघवीचे भांडे ठेवा. ज्यांना अजून थोडी लघवी होते, त्यांची रात्रीची निम्मी ये-जा त्याने वाचते. शौचालय भारतीय पद्धतीचे असेल तर त्यावर ठेवायची कमोड-खुर्ची मिळते. उकिडवे बसून उठताना गुडघ्यांवर जोर पडतो आणि दाबही उतरतो. भिंतीतली धरायची दांडी उजव्या हाताला येईल अशी बसवा. टॉवेल अडकवायच्या दांडीचा आधार घेऊ देऊ नका, ती भिंतीतून निघते. दाराशी टाकलेली जुनी पायपुसणी आणि मागून सुटलेल्या सपाता काढून टाका, त्यांऐवजी मागे पट्टा असलेली, तळाला रबर असलेली पादत्राणे घरातही घालू द्या. उंबऱ्यावर रंगीत पट्टी लावली की अधू नजरेलाही तो दिसतो.

कृष्णाकाठ (प्रश्नकर्ता)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. आईला विचारले असता कळले की भेटीला येणाऱ्यांनी आणलेले शहाळे त्यांना शनिवार-रविवारी नियमित दिले जात होते. ते आजपासून बंद केले असून पोटॅशियमबद्दल डॉक्टरांशी बोलणे झाले आहे. ते सोमवारी डायलिसिसपूर्वीचे रक्त तपासणार आहेत. पायांच्या जळजळीसाठी बाहेरच्या एका दवाखान्यातून प्रीगॅबालिन सुरू झाले होते आणि त्याची मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना कल्पना नव्हती, हेही उघड झाले.

आणखी दोन शंका आहेत. त्यांना व्यायाम झेपेल का आणि तो केव्हा करावा? तसेच एवढे करूनही ते पडले, विशेषतः डोक्यावर पडले, तर त्या क्षणी घरच्यांनी काय करावे?

उत्तर ४ : भौतिकोपचारतज्ज्ञ

व्यायाम झेपतो आणि तो आवश्यक आहे. डायलिसिसच्या रुग्णांच्या मांड्यांचे स्नायू झपाट्याने झिजतात. आठवड्यातले तीन दिवस पलंगावर जातात, उरलेल्या दिवसांत थकवा असतो, आणि भीतीपोटी चालणे कमी केले की झीज आणखी वाढते. म्हणून चालणे पूर्ण बंद करणे, हा माझ्या दृष्टीने सर्वांत चुकीचा मार्ग आहे. आधी पोटॅशियम व रक्तदाबाचा प्रश्न मार्गी लागू द्या आणि डॉक्टरांची संमती घ्या.

सुरुवातीला एक साधी चाचणी करा. हातांच्या खुर्चीतून उठून तीन मीटर चालत जायचे, वळायचे, परत येऊन बसायचे. यास १२ सेकंद किंवा अधिक वेळ लागला, तर पडण्याचा धोका आहे, असे समजतात. चाचणीच्या वेळी शेजारी कोणीतरी उभे राहावे आणि ती डायलिसिस नसलेल्या दिवशी करावी. व्यायामासाठीही तेच दिवस उत्तम. खुर्चीतून हळू उठणे-बसणे, स्वयंपाकघरातील ओटा धरून टाचा उचलणे, ओट्याच्या कडेने बाजूला पावले टाकत जाणे, एवढ्यावर पहिले काही आठवडे काढा. आज जेवढे जमले त्याहून एखादी आवृत्ती पुढच्या आठवड्यात वाढवा. चक्कर आली, छातीत दुखले किंवा धाप लागली, तर तिथेच थांबावे. काही केंद्रांत डायलिसिस सुरू असतानाच पलंगावर पायाने चालवायची सायकल देतात. ती पहिल्या दोन तासांत चालवायची असते, कारण नंतर रक्तदाब उतरू लागतो.

काठी उजव्या हातात द्यावी आणि तिची उंची हात सैल सोडल्यावर मनगटाच्या रेषेत यावी. अनेक घरांत आजोबांची जुनी काठी तशीच पुढे चालते आणि ती उंच असल्यामुळे आधाराऐवजी खांदा दुखवते. तळाचे रबर झिजले असल्यास बदला.

आहाराचा मुद्दा थोडक्यात सांगतो. हिमोडायलिसिसच्या रुग्णाला दर किलो वजनामागे रोज साधारण १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात. डायलिसिस सुरू होण्यापूर्वीचे प्रथिने कमी खाण्याचे पथ्य काही घरांत नंतरही पाळले जाते आणि स्नायू त्यामुळेच आटतात. तुमच्याकडे तसे होत असेल, तर आहारतज्ज्ञांकडून नवा तक्ता घ्या.

उत्तर ५ : डायलिसिस कक्षातील परिचारिका

पडल्यानंतर काय करावे, याचे उत्तर देते. लगेच ओढून उभे करू नका. शुद्ध आहे का, बोलणे नीट आहे का, हे पाहा. मांडीच्या वरच्या भागात किंवा जांघेत दुखत असेल, एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल, तर त्यांना हलवू नका आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. तसे काही नसेल, तर आधी कुशीवर, मग बसते आणि त्यानंतर खुर्चीच्या आधाराने सावकाश उठवा. आईंनी एकट्याने उचलायचा प्रयत्न करू नये. मग रक्तदाब उजव्या हातावर मोजा, साखर मोजा आणि दोन्ही आकडे वेळेसह लिहून ठेवा.

डाव्या हातावर पडले असतील, तर फिस्टुलावर बोटे ठेवून नेहमीची थरथर लागते का, ते पाहा. ती लागत नसेल तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, युनिटला फोन करा. लवकर गेल्यास फिस्टुला वाचवता येण्याची शक्यता जास्त असते. सुईच्या जागेतून रक्त येऊ लागले, तर नेमक्या छिद्रावर बोटांनी घट्ट दाबून हात वर धरा. मोठा टॉवेल गुंडाळला तर रक्त त्यात मुरत राहते आणि किती गेले ते कळत नाही.

डोक्याला मार लागला असेल, तर बाहेर जखम नसली तरी रुग्णालयात न्या. डायलिसिसच्या वेळी रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन दिलेले असते आणि त्याचा परिणाम नंतरही काही तास राहतो. मूत्रपिंडाच्या आजारात रक्त गोठवणाऱ्या बिंबिकांचे (प्लेटलेट्सचे) काम आधीच मंदावलेले असते, आणि बरेच रुग्ण त्याशिवाय ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल घेत असतात. त्यामुळे कवटीच्या आत सावकाश रक्त साठू शकते आणि त्याची लक्षणे काही दिवसांनी, कधी आठवड्यांनीही दिसतात. डायलिसिसनंतर झोप येणे घरच्यांच्या अंगवळणी पडलेले असते, म्हणून ही गुंगी वेगळी आहे, हे लवकर लक्षात येत नाही. नेहमीपेक्षा जास्त झापड, वाढती डोकेदुखी, उलटी, बोलण्यात विसंगती किंवा चालताना एका बाजूला झुकणे, यांपैकी काहीही दिसले तर मेंदूचा सीटी स्कॅन करण्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

आणि पुढच्या पाळीला आल्यावर, सुया टोचण्यापूर्वीच, ‘वडील डोक्यावर पडले होते’ हे सिस्टरना स्पष्ट सांगा. अशा वेळी हेपॅरिन न देता डायलिसिस करता येते, पण त्यासाठी यंत्र जोडण्याच्या आधी आम्हाला ते कळायला हवे.